मागची काच

४ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. बस वेळेवर, सामान शाबूत, गुडघे ठीक. निवृत्त होऊन रिकामे बसणे माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे आज सकाळपासून मन अगदी प्रसन्न आहे. इथे मला काम आहे.

धाकटी दारातच उभी होती. बारीक झाली आहे, पण जीभ आहे तशीच. मला बघून शेजारणीला म्हणाली, आल्या आमच्या रेक्टरबाई, आता सगळ्यांनी नखं कापून ठेवा. स्वतःच्याच विनोदाला हसली, हसता हसता खोकली, आणि तो खोकला थांबेपर्यंत शेजारीण कंटाळून घरात निघून गेली.

घर लहान पण नीट बांधलेले आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी. इथला कारखाना तळ्याच्या पाण्यातून सोडा काढायचा. त्याच्या कामगारांसाठी अशी घरे एका ओळीत बांधली. पुढे वर कुठेतरी पाणी अडवले, तळे आटले, कारखाना बंद पडला, माणसे मात्र राहिली. त्या जागेला अजूनही सगळे तळेच म्हणतात. मागच्या दारातून दिसते. पांढरे, सपाट, आणि नजर पोहोचते तिथपर्यंत त्यावर काहीही नाही. उन्हात फार वेळ बघवत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये मेहुण्यांची जुनी जीप उभी आहे. पोलादी टपाची, चारही चाकांना जोर लागणारी, वयाने वसतिगृहातल्या माझ्या शेवटच्या मुलींपेक्षा मोठी. मेहुणे गेल्यापासून धाकटी शेजाऱ्यांच्या मिनतवाऱ्या करून दवाखान्यात जात होती. आता ते बंद. मला गाडी चालवता येते आणि मिनतवाऱ्या करता येत नाहीत.

संध्याकाळी दोन्ही खोल्या झाडून, पुसून घेतल्या. केरसुणी तिची, हात माझा. सुपलीभर धूळ निघाली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखाना तळ्याच्या पलीकडे आहे. वळसा घालून जाणारा रस्ता डोंगरातून जातो, त्यात सारा दिवस मोडतो आणि धाकटीला तो झेपत नाही. म्हणून इथले सगळे तळ्यावरूनच जातात. दर गुरुवारी तिला औषधाची वाफ द्यायची, इंजेक्शन द्यायचे, छाती तपासून घ्यायची.

धूळ म्हणजे काय हे मला माहीत आहे असा माझा समज होता. ही धूळ मैद्याहून बारीक आहे. चाकाखाली ती उडत नाही, पाण्यासारखी बाजूला सरते आणि मग मागून उठते. काचा सगळ्या चढवलेल्या होत्या, तरी दारांच्या कडांतून, गिअरच्या दांड्याच्या बुडातून, पेडलच्या खाचांतून ती आत आली. धाकटी ओला रुमाल नाकावर धरून बसली होती. पलीकडे पोहोचेपर्यंत रुमालाचा चिखल झाला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण स्पष्ट बोलतात. मला बाजूला घेऊन म्हणाल्या की छातीत आता फारशी जागा उरलेली नाही. इथे मी वाफ द्यायची आणि जातायेता तुम्ही धूळ द्यायची, तर ह्या औषधाला अर्थ नाही. धूळ थांबली आणि खोकला उतरला, तर उन्हाळ्याच्या अखेरीस तिला लांबचा प्रवास सोसेल. म्हणजे मला तिला माझ्या घरी नेता येईल, कायमची. माझ्या घरापुढे बाग आहे, हवेत ओल आहे. मी तिथल्या तिथे ठरवून टाकले. उन्हाळा संपताना आम्ही दोघी इथून निघायचे.

एक गोष्ट खटकली. जाताना तळ्याच्या मध्यावर धाकटीने गाडी थांबवायला लावली आणि मागच्या दाराची सरकती काच उघडली. तिथून पलीकडच्या काठापर्यंत ती उघडीच. समोरून एक ट्रक गेला, त्याचीही मागची ताडपत्री वर बांधलेली. मी विचारले हे काय, तर म्हणाली, सगळेच उघडतात गं. सगळेच करतात हे वाक्य वसतिगृहात मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यापुढे कारण विचारायची इच्छाच उरत नाही.

९ फेब्रुवारी

पदार्थविज्ञान शिकले त्याला जमाना झाला, पण हवा अजून तशीच वागते. गाडी पुढे धावते तेव्हा तिच्या पाठीमागे पोकळी होते. ती भरायला हवा उलटी फिरते आणि उडालेली धूळ घेऊन मागून आत घुसते. म्हणजे मागची काच उघडणे हे धुळीला पाट मांडून बसवण्यासारखे आहे. उपाय सरळ आहेत. फटी बंद करायच्या, मागच्या तर आधी. आणि पुढून ब्लोअरने गाळलेली हवा आत सोडत राहायची, म्हणजे आतला दाब जास्त राहतो. एखादी फट राहिलीच तर तिच्यातून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही.

मेकॅनिकला इथे बोल्ट म्हणतात. गोल डोके, मान नाहीच. मला मावशी म्हणतो. मी त्याची मावशी नाही हे सांगून पाहिले, तर म्हणाला, बरं मावशी. पण माणूस उत्साही आहे. आत धूळच येणार नाही अशी गाडी करायची म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. म्हणाला, ह्या गावात असली गाडी कोणी बघितलेली नाही.

१२ फेब्रुवारी

तीन दिवस बोल्ट आणि मी शेडमध्ये आहोत. जुने रबर काढून दारांना नवे बसवले. दार लावताना कागदाची पट्टी मध्ये धरायची आणि ओढायची. पट्टी सुटली तर तिथे फट आहे. चौकटीची प्रत्येक वीत अशी तपासली. बोल्ट पट्टी ओढून दमला. म्हणाला, मावशी, तुमच्या मुली पळून कशा जायच्या हो? मी म्हटले, जायच्या नाहीत.

गाडीच्या पोटात शिरून त्याने तळाच्या पत्र्यातली भोके रबरी बुचांनी बंद केली. गिअरच्या दांड्याला नवा रबरी बूट घातला. मग शेडचे दार लावून घेतले, मी आत बसून टॉर्च फिरवला आणि तो बाहेरून उजेड कुठे दिसतो ते बघत राहिला. शेवटी कुठेच दिसेना.

मागच्या काचेला रबर नव्हतेच. मला वाटले कुजून गेले असेल. बोल्टने दाखवले, ते चाकूने सरळ कापून काढलेले होते. धाकटी म्हणाली, ह्यांनीच कापलं, गाडी आणली त्याच दिवशी. का, ते तिला माहीत नाही; नवऱ्याला सगळं विचारायला मी काय रेक्टर आहे, म्हणाली. बोल्टने नवे रबर बसवले आणि माझ्या सांगण्यावरून काच कडेने सीलंट भरून पक्की करून टाकली. आता ती सरकत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

यश. पूर्ण यश.

ब्लोअरच्या तोंडाला दुहेरी पांढरे कापड बांधले होते. गाडी तळ्यावर उतरली, मागे धुळीचा डोंगर उठला, आणि आत काही नाही. हवा गार आणि स्वच्छ. मी धाकटीला म्हटले, तो रुमाल काढ, आता त्याची गरज नाही. ती घाबरली, वर्षानुवर्षांची सवय. मी जरा आवाज चढवला तेव्हा तिने काढला आणि पहिल्यांदा भीतभीत, मग छाती भरून श्वास घेतला. मी स्वतः स्कार्फ नाकावरून बांधलेलाच ठेवला, केवळ स्टिअरिंग सोडायचे नव्हते म्हणून.

मध्यावर आल्यावर ती सवयीने मागे वळली. काच हलत नाही म्हटल्यावर थोडी अस्वस्थ झाली. म्हणाली, ताई, गुदमरल्यासारखं होतंय. मी म्हटले, मनाचे खेळ आहेत, समोर बघ.

घरी आल्यावर डॅशबोर्डवरून पांढरा हातरुमाल फिरवला. पांढराच राहिला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खोकला निम्म्याने कमी. डॉक्टरीणबाई खूश. म्हणाल्या, तुमच्यासारख्या चार बहिणी वाटून द्या मला.

धाकटी परतताना सारखी दीर्घ श्वास घेत होती. म्हणाली की ह्या गाडीतली हवा गोड लागते.

एक बारीकशी नोंद. ब्लोअरच्या तोंडाचे कापड बदलायला काढले, तर तेही पांढरे स्वच्छ. दोन्ही फेऱ्या धुळीच्या लोटातून केल्या. बाहेरची बाजू तपकिरी व्हायला हवी होती. आत धूळ नाही, कापडावर धूळ नाही. मग ती गेली कुठे? बोल्टला विचारले. तो म्हणाला, मावशी, नाही आली तर नाही आली, आता काय हुडकून आणायची?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खोकला गेला. पूर्ण. परवापासून एकदाही नाही.

माझी बॅग कपाटावरून काढून पुसून ठेवली. धाकटी म्हणाली, अजून उन्हाळा सुरूही झाला नाही आणि ही निघाली. मी तिला माझ्या घराबद्दल सांगत होते, बागेत कारंजे आहे, सकाळी पाणी सोडतात. ती ऐकत होती. मग म्हणाली, पाण्याजवळ आम्हाला चालेल. मी म्हटले, एकट्या बाईने आम्ही म्हणायला तू काय राणी आहेस? ती हसली. हसताना पूर्वी घरघर यायची, आता आवाजच नाही, नुसते तोंड उघडते.

६ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी नळी छातीला लावली, पाठीला लावली, नळी झटकली, स्वतःच्या छातीला लावून पाहिली, मग माझ्या, मग पुन्हा तिच्या. म्हणाल्या, श्वास ऐकू येत नाहीये, नळी बदलते. नळी बदलली. फोटो काढला. फोटोत छातीच्या जागी एकसारखा पांढरा रंग, फासळीसुद्धा वेगळी दिसेना. त्या म्हणाल्या, मशीन जुनं आहे, पुढच्या गुरुवारी परत काढू.

धाकटी टेबलावर बसून पाय हलवत होती. म्हणाली, मशीनला काय विचारता, आम्ही बरे आहोत. डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले.

८ मार्च

सकाळी धाकटीच्या चादरीवर पांढरी पिठी होती. कुशीवर झोपते, त्या कुशीच्या आकाराची. खांदा, कंबर, गुडघे. मला वाटले, खिडकी उघडी राहिली. बंद होती.

चादर मागच्या अंगणात नेऊन झटकली. वारा होता, सगळी पिठी उडून तळ्याकडे गेली. आत आले तर धाकटी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. म्हणाली, अचानक हातपायांतलं बळच गेलं गं.

साखर घालून चहा दिला. तिने घोट घेतला आणि ओठांच्या कोपऱ्यात चिखल झाला.

९ मार्च

तिला घाम येत नाही. दुपारी ऊन इतके की माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता. तिचे कपाळ कोरडे, थंड, आणि हात लावला तेव्हा माझ्या बोटांना पांढरे लागले.

ती पडली होती तेव्हा नाकाखाली स्टीलचा चमचा धरला. बराच वेळ. चमच्यावर वाफ धरली नाही. तिचे डोळे उघडे होते हे मला नंतर दिसले. विचारू लागली काय करतेयस. मी म्हटले, ताप बघतेय. ती म्हणाली, चमच्याने? आणि हसली, तसेच, आवाजाशिवाय.

१० मार्च

आज गावात विचारत फिरले, मागची काच का उघडतात. आधीच विचारायला हवे होते. दुकानदार म्हणाला, पद्धत आहे. ट्रकवाला म्हणाला, बाप उघडायचा. कोणाला काही माहीत नाही, पण उघडतात सगळे. शेवटी शेजारणीच्या सासूने सांगितले, पाय धुऊन घरात ये म्हणावे इतक्या सहज: तळ्यावरचं काही आत येतंच, ते मागून जाऊ द्यायचं, ठेवून घ्यायचं नाही.

काय येतं, मी विचारले. ती म्हणाली, ते जातं ना, मग कशाला बघायचं.

आमच्या गाडीतून ते गेले नाही. फटी नव्हत्या. जाणाऱ्याला बाहेरची वाट नव्हती आणि गाडीत उघडे तोंड एकच होते. रुमाल मी काढायला लावला.

१३ मार्च, गुरुवार

दवाखाना झाला नाही.

मी ठरवले होते की जे आत गेले ते बाहेर काढायचे. तळ्याच्या मध्यावर गाडी थांबवली, सीलंट चाकूने कापले, काच बोटभर सरकवली आणि गाडी पुढे काढली. पद्धत आहे तशीच.

धाकटीच्या बाहीतून पांढरी रेघ निघाली. धुरासारखी, सरळ मागे, त्या फटीकडे. मी आरशात बघत होते. मला आनंद झाला, देवा, मला आनंद झाला की निघते आहे. मग ती म्हणाली, ताई, करंगळी. मी वळून पाहिले. करंगळी नव्हती. रक्त नाही, जखम नाही, जिथे बोट सुरू व्हायचे तिथे मऊ, गोल, पांढरे. दुसरे बोट टोकाकडून कमी होत होते.

गाडी थांबवून काच दाबून बंद केली. हाताने, मग अंगाने. परत आले.

आतले काढायचे म्हणजे तिलाच काढायचे. आता तिच्यात दुसरे काही उरलेले नाही.

बोल्टकडून काच पुन्हा पक्की करून घेतली. धाकटी पुढच्या सीटवर शाल पांघरून बसली होती. त्याने वाकून विचारले, बऱ्या आहात ना? ती म्हणाली, आम्ही छान आहोत. तो मला म्हणाला, मावशी, तुम्हीच जरा आराम करा.

१४ मार्च

घर गळते. पूर्वी कधी लक्षात आले नाही. दाराखालून, खिडकीच्या चौकटीतून, कौलांतून, मोरीच्या तोंडातून वारा येतो. ती खुर्चीवर बसते आणि तिच्या पायाशी पांढरी रांगोळी पडते, आणि ती रांगोळी वाऱ्याबरोबर मागच्या दाराकडे सरकते.

आणि मी महिनाभर झाडते आहे. सकाळ-संध्याकाळ. ओल्या फडक्याने पुसते आहे. सुपल्या भरून बाहेर टाकते आहे. चादर झटकली.

केरसुणी मोडून टाकली.

आता जमिनीवर पडते ते कागदावर गोळा करते आणि तिच्या मांडीवर ठेवते. कधी ते तिच्यात परत जाते. कधी नाही.

१५ मार्च

तिला गाडीत नेले. वारा न शिरणारी जागा इथे ती एकच आहे, मीच केलेली. शालीत गुंडाळून, छातीशी धरून नेले. मागच्या दारापासून शेडपर्यंतच जायचे होते. वजन नव्हते. लहानपणी कडेवर घ्यायचे तेव्हा जड लागायची.

वाटेत वारा आला. मी पाठ केली त्याच्याकडे.

आत आहोत. दारे आतून टेपने बंद. आधी ब्लोअर चालू केला, गार वाटेल म्हणून, आणि लगेच बंद केला. आत दाब वाढला की हवा फटीतून बाहेर जाते. हेच तर मी बोल्टला शिकवले होते. आता बाहेर काही जायला नको.

१६ मार्च

पाणी आहे. माझ्यापुरते. भूक नाही.

डोके दुखते. हवा जड झाली आहे. काच उघडता येत नाही.

तिचा चेहरा अजून नीट आहे. खालचे शालीत आहे, मी उघडून बघत नाही. बोलते. कधी तीच बोलते, मला आईच्या हातचा फटका आठवतो का म्हणून विचारते, मी पळून जायचे आणि मार तिला बसायचा ते. कधी दुसरेच. सांगते की इथे होड्या होत्या. इथे पाणी इतके होते की तळ दिसायचा नाही. धाकटी इथे आली तेव्हा तळे कधीच आटलेले होते.

मी विचारले, धाकटी कुठे आहे. ती म्हणाली, इथेच आहे, दाटीवाटीत आहे.

तिला गाडीबाहेर सोडावे असे एकदा मनात आले. फक्त एकदा. तेवढ्यात ती म्हणाली, ताई, थंडी वाजते.

१७ मार्च

उन्हाळ्याचा वारा सुरू झाला. शेडचा पत्रा सारखा —

बोलताना तिचे ओठ झिजतात. मी म्हटले बोलू नकोस. गप्प राहिली तर ती आहे की नाही ते कळत नाही, म्हणून पुन्हा मीच म्हणते बोल.

स्कार्फ काढला. आता काय राखायचे आहे. इथली हवा खरेच गोड आहे.

खोकला आला. मला. थोडाच.

१८ मार्च

डोळे नाहीत आता. जागा आहेत. हाक मारली की शालीला हालचाल —

तिला म्हटले उन्हाळा संपला की निघू. बॅग पुसून ठेवली आहे. ती म्हणाली हो. नुसते हो. ती तीच होती, मला कळले.

माझ्या हातावर पांढरे आहे. फुंकर मारत नाही. ते तिचे की माझे

१९ मार्च

कोणीतरी शेडचे दार उघडले. बोल्ट. बरोबर डॉक्टरीणबाई. गुरुवार चुकला म्हणून चौकशीला आल्या असतील. भली माणसे.

काचेवर थापा मारतो आहे. मावशी उघडा, मावशी मरून जाल. मी मान हलवते. त्याला दिसत नाही, काचा आतून पांढऱ्या झाल्या आहेत. शेडचे दार त्यांनी सताड उघडे ठेवले आहे. वारा सरळ आत —

ओरडून सांगितले, उघडू नकोस, धाकटी आहे. आवाज निघाला नाही. तोंड नुसते उघडले.

तो मागे गेला. काचेपाशी. त्यानेच बसवलेले रबर, कुठून सुटते ते त्याला बरोबर ठाऊक. पान्याचे टोक घातले. एका कोपऱ्यातून उजेड आला

मागे सरकले. रबर दाबून धरले आहे. तो जोर लावतो, मी लावते. शाल मांडीवर आहे, एक टोक हलते आहे, फटीकडे — डाव्या हातात रबर, उजव्यात पेन, तिला धरायला हातच — काय लिहीत बसले आहे मी, पेन सोडते, धाकटे, थांब, मी